भोईर सरांना ठाऊक नव्हतं ते

भिवंडीजवळच्या वळ गावात आमच्या औषधांच्या गोदामाच्या दारात एक काळा दगड आहे. त्यावरच्या वाक्याखाली भोईर सरांचं नाव आहे, पण वाक्य त्यांचं नाही. ते मी घातलं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

सर आम्हाला भिवंडीच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. वर्गात शुद्ध बोलत, बाहेर आमच्या गावचं. निवृत्तीनंतर ते एकाच शब्दामागे लागले: भेषज, म्हणजे औषध. तो वेदांत आहे आणि त्याचा सख्खा भाऊ प्राचीन इराण्यांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातही. म्हणजे या दोन भाषांची घरं वेगळी होण्याआधीचा. पण त्याआधी तो आला कुठून? काहींच्या मते परक्या भाषेतून उसना आला. पक्कं कुणालाच सांगता येत नाही. "सापडलं का सर?" असं विचारलं की ते खूश व्हायचे. "न्हाय रं! अजून हाय तिथंच हाय."

भातशेतीच्या जागी गोदाम उभं राहिलं तेव्हा मी त्याला 'भेषज' नाव दिलं आणि दगडासाठी सरांकडे एक ओळ मागितली. त्यांनी लिहून दिलं, 'या शब्दाचं मूळ अजून कुणाला ठाऊक नाही.'

"सर, पाहुणे येणार. ठाऊक नाही असं दगडावर कोण लिहितं?"

"ज्याला ठाव न्हाय त्यो!"

मी कोरून घेतलं, 'भयाला जिंकते ते भेषज.' ही जुनी फोड सरांनीच मला कधीतरी सांगितली होती आणि सांगतानाच मोडीत काढली होती: "कानाला ग्वाड हाय, पन मागनं जोडल्याली हाय."

उद्घाटनाला सर इस्त्रीचा सदरा घालून आले. पडदा सरकला. त्यांनी ओठ हलवत वाचलं. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं. रिक्षात बसताना एवढंच म्हणाले, "पोरा, मला ठाव नसल्यालं तू माज्या तोंडी घातलंस."

"बदलतो, सर."

बदललं नाही. लोक तिथे उभं राहून फोटो काढत होते.

पुढे एकदा सवयीने विचारलं, "सापडलं का सर?" त्यांनी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली होती. म्हणाले, "तुला सापडलं ना? मग झालं."

त्यांच्या शोकसभेत प्रत्येकाने दगडावरचं तेच वाक्य म्हटलं. सरांनी आयुष्य वेचून शब्दाचं मूळ शोधलं, असं सांगितलं. अध्यक्ष मी होतो. मी मान डोलावली.

तो दगड काढायचा आहे. आणि त्या सभेतल्या माणसांसमोर उभं राहून सांगायचं आहे, की ते वाक्य माझं होतं; सरांना मूळ ठाऊक नव्हतं आणि तसं त्यांनी लिहून दिलं होतं. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.