दांडी बांधलेली होती

वर्णन: पुरुष. वय पन्नाशीच्या पुढे. बांधा मध्यम, चष्मा, दात स्वतःचे. हुद्दा: मुकादम, धुलाई कारखाना. विवाहित, तक्रार नाही (पत्नीस विचारलेले नाही). वर्तणूक उत्तम. विशेष गुण: सदर इसम स्वतःचे दोष स्वतः ओळखतो व कोणी न विचारता कबूल करतो. ओळखीची खूण: खाली घातलेली मान.

कारखान्यातल्या बायका त्यांना तोंडावर मुकादम आणि पाठीमागे कबूलराव म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. "बरोबरच म्हणतात," असं तेच हसत सांगायचे. अशा माणसाला टोमणा मारायची सोय उरत नाही. हॉटेलच्या चादरी चुकून हॉस्पिटलात गेल्या, की कोणी तोंड उघडायच्या आत कबूलराव छातीवर हात ठेवत. "माझंच चुकलं. मी उतावळा आहे. जुना दोष आहे माझा." भांडायला आलेली बाई मग वरमून त्यांनाच पाणी आणून द्यायची. चादरी हॉस्पिटलातच राहायच्या.

घरीही तीच तऱ्हा. रिकामी पिशवी हलवत दारात उभे राहायचे. "मी निष्काळजी नवरा आहे."

"नवरा कसा आहे ते मला माहीत आहे," बायको म्हणायची. "भाजी कुठाय?"

ही विद्या त्यांनी प्रार्थनासभेत कमावली होती. दर सुट्टीच्या सकाळी सभा भरे. प्रार्थनेआधी ज्याला वाटेल त्याने उभं राहून त्या आठवड्यातला आपला दोष सांगायचा, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं, असा तिथला रिवाज होता. नियम एकच, पण कडक: इथे ऐकलेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. नियम चांगलाच होता. त्याशिवाय कोण बोललं असतं? इतर लोक उठून खोटं बोललो, चिडलो, एवढं पुटपुटून बसत. कबूलराव कांदा सोलावा तसे स्वतःला सोलत. "मला राग आला. रागाखाली भीती होती. भीतीखाली पाहिलं, तर अहंकार." कांद्याचा परिणामही व्हायचा, पुढच्या बाकांवरच्या बायका डोळे पुसत. तिसऱ्या बाकावर कारखान्यांचे तपासनीस साहेब बसत. तेही मान डोलवत.

कारखान्यात चादरींना इस्त्री करणारं एक मोठं मशीन होतं. दोन तापलेले रूळ एकमेकांवर फिरायचे आणि दोन बायका दोन टोकांना उभ्या राहून ओली चादर त्यांच्या मध्ये सरकवायच्या. रुळांच्या अलीकडे एक आडवी दांडी होती. तिला बोट जरी लागलं तरी मशीन थांबे, हात वाचे. पण जाड चादर आली की ती दांडीला घासायची, आणि मशीन उगाचच थांबायचं. काम तुंबायचं, मालक खाली यायचे. म्हणून कबूलरावांनी जुन्या अभ्र्याची पट्टी फाडून दांडी वर बांधून टाकली होती. तपासणी असली की पट्टी सुटे, साहेब गेले की पुन्हा बांधली जाई. "हे काही बरोबर नाही हं," गाठ मारताना कबूलराव दरवेळी म्हणत. गाठ मात्र पक्की मारत.

त्या मशीनवर त्यांची थोरली बहीण होती. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. पुढे नवरा वारला, तेव्हा कबूलरावांनी शब्द टाकून तिला कामाला लावलं. दुमडलेली कड सरळ करायला एकदा तिने हात पुढे नेला, आणि चादरीबरोबर तिचा उजवा हात आत गेला. मशीन बंद करायला कोणी धावेपर्यंत चार बोटं कामातून गेली होती. रुग्णवाहिका यायच्या आत पट्टी सोडलेली होती. ती कबूलरावांनीच सोडली. रडत सोडली, हे खरं आहे.

मालकांनी त्यांना वर बोलावलं. चहा पाजला. "साहेब चौकशीला येतील. दांडी जागेवर होती, बाईने घाईत हात घातला. एवढंच बोलायचं. तुम्हीच बांधलीत ना? मग तुमच्याच भल्याचं सांगतोय."

ताईचं मागणं याहून लहान होतं. हॉस्पिटलात भाऊ पायथ्याशी बसला, तेव्हा ती म्हणाली, "अरे, दांडी बांधलेली होती, एवढं एक वाक्य सांग साहेबांना. मी निष्काळजी ठरले तर भरपाई तर नाहीच, पण उद्या मला भांडी घासायलासुद्धा कोणी उभं करायचं नाही."

"ताई, सगळा दोष माझा आहे."

"ते मला कशाला सांगतोस? मी तिथेच होते."

पलीकडे उभी असायची ती जोडीदारीण म्हणाली की तिचं लक्ष चादरीकडे होतं. तिला तीन मुलं होती. राहता राहिले कबूलराव.

चौकशीच्या आदल्या दिवशी सभा होती. ताई हाताला बांधलेल्या गाठोड्यासारख्या बँडेजसकट आली आणि मागच्या बाकावर बसली. कबूलराव उठले. त्यांनी काहीही लपवलं नाही. पट्टी सांगितली, गाठ सांगितली, रडत ती कशी सोडली तेही सांगितलं. मालकाचा चहा गोड लागला, हेसुद्धा सांगितलं. "जिने मला भरवलं, तिचा हात मी खाल्ला," असं म्हणून ते खाली बसले तेव्हा अख्खं सभागृह हुंदके देत होतं. लोक उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागले. तिसऱ्या बाकावरच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला.

सभा चालवणारे वडीलधारे गृहस्थ ताईकडे वळले. "बाई, इतकं मन उघडं करायला छाती लागते. क्षमा केली म्हणा."

ताई उभी राहिली. "म्हणते की. उद्या हेच साहेबांना सांगशील ना रे?"

सभागृहात कुजबुज झाली. वडीलधाऱ्या गृहस्थांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, इथे बाहेरचा व्यवहार आणू नये."

"हात बाहेरच गेलाय माझा."

कबूलराव पुन्हा उठले. आवाज इतका हळू, की मागच्यांना कान द्यावे लागले. "ताई, मी स्वतःला ओळखतो. मी भित्रा आहे. उद्या माझी जीभ उचलणार नाही, हे मला आजच दिसतंय. हेही मी सर्वांसमोर कबूल करतो."

यावर लोक जरा जास्तच गहिवरले. ताईने पिशवी उचलली आणि क्षमा न करताच निघून गेली. ते अनेकांना खटकलं.

दुसऱ्या दिवशी साहेब कारखान्यात आले. मशीनभोवती फेरी मारली, दांडीला पेन लावून पाहिलं. मशीन थांबलं. ठरल्याप्रमाणे ताईलाही बोलावलं होतं. साहेबांनी कबूलरावांकडे पाहिलं, कबूलरावांनी साहेबांच्या बुटांकडे.

"अपघाताच्या वेळी दांडी जागेवर होती?"

"होती, साहेब."

"बांधलेली वगैरे नव्हती?"

"नाही, साहेब."

साहेब लिहू लागले. ताई पुढे आली. "साहेब, काल तुम्ही ऐकलंत. तुमच्या कानांनी ऐकलंत."

साहेबांनी पेन थांबवलं. त्यांना खरोखरच अवघड झालं होतं. "बाई, सभेत मी साहेब नसतो."

"मग इथे कोण आहात?"

याचं उत्तर चौकशीच्या कक्षेत येत नव्हतं. मालक म्हणाले, "बाईंना बसायला खुर्ची द्या," आणि खुर्ची आणली गेली.

संध्याकाळी कबूलरावांनी घरी बूटही न काढता बायकोला सगळं सांगितलं. खोटं कसं बोललो, आणि नंतर कसं सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं याचीच आपल्याला जास्त लाज वाटते, असंही सांगितलं.

बायको डब्यात पोळ्या भरत होती. "तुम्हाला स्वतःचं सगळं कळतं हो," ती म्हणाली. "कुठे सडलंय, किती सडलंय, वास कुठून येतोय. आम्ही नाक धरून तेवढं ऐकायचं. सरका. वन्सं एका हाताने चूल कशी पेटवणार आहेत?" ती डबा घेऊन गेली. कबूलराव रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाले, "बरोबर बोललीस."

पुढच्या सभेला दोघे उठले. कबूलरावांनी सांगितलं की मी खोटी साक्ष दिली. साहेबांनी सांगितलं की मी खरं माहीत असून खोटं लिहिलं. लोक म्हणाले, इतकी मोकळी सभा बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. मागच्या बाकावर कोणी नव्हतं.

अहवाल यथावकाश आला. त्यात म्हटलं होतं की, सुरक्षा-दांडी सुस्थितीत व जागेवर असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले. सदर अपघात कामगार महिलेच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला. मुकादमांनी चौकशीस प्रांजळपणे व संपूर्ण सहकार्य केले. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

ताईची वेणी आता शेजारीण घालते.