दक्षिण साताऱ्याचे मामंजी

माझे मामंजी सांगली जिल्ह्यात राहून स्वतःला कधीच सांगलीचे म्हणवून घेत नसत. कुणी ठावठिकाणा विचारला की ताठ उभे राहायचे आणि सांगायचे, "जिल्हा दक्षिण सातारा." ऐकणारा गोंधळला की मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "भरती झालो तवा हुता जिल्हा. पयल्या सुट्टीवर आलो, तर न्हाई!"

त्यात खोटं काही नव्हतं. जुन्या मोठ्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले होते. पुढे दक्षिणेची सांगली झाली आणि उत्तर नुसताच सातारा उरला. पण पलटणीत मामंजींचं नाव ‘दक्षिण’ पडलं ते पडलंच. शेजारच्या खाटेवरचा मेढ्याचा गडी तो ‘उत्तर’. हा उत्तर म्हणजे माझे वडील, आमचे दादा. खाटेला खाट होतीच, पुढे सोयरीकही झाली.

आमच्या लग्नपत्रिकेवर मामंजींनी हट्टानं दक्षिण सातारा छापायला लावलं. छापखानेवाला म्हणाला, "आवं, असा जिल्हाच न्हाई." मामंजी म्हणाले, "न्हाई कसा? तिथनंच वऱ्हाड निघणार हाय!" नकाशात नसलेल्या मुलखात पोरगी दिली, असं माहेरी मला अजून चिडवतात.

दोघं पेन्शनीत निघाल्यावर रोज सकाळी चहाआधी दादांचा मेढ्याहून फोन यायचा.

"दक्षिण हाय का?"

"हाय!"

एवढं झालं, की फोन ठेवून द्यायचे. एकदा मी हसले, तर मामंजी म्हणाले, "हसू नगंस पोरी. हाक मारणारा एक अन् ओ देणारा एक, येवढ्यावर आमचा जिल्हा चाललाय. ओ न्हाई आली, की बुडाला." मला ती म्हातारपणाची गंमत वाटली.

गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली. मला सगळ्यात धास्ती वाटली ती सकाळच्या फोनची. मी तो त्यांच्या कानाशी धरला. दादांनी हाक मारली. मामंजींचे ओठ हलले, आवाज फुटेना, डोळे भरून आले. मग चांगल्या हातानं त्यांनी खाटेच्या लोखंडी दांड्यावर टकटक केलं.

"ऐकलं रं गड्या," दादा म्हणाले. त्यानंतर रोज असंच चाललं.

मग मामंजी गेले. दादा मातीला आले आणि मेढ्याला परतले. दुसऱ्या दिवशी मी चहाचं आधण ठेवत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"दक्षिण हाय का?"

सवयीनं बोलून गेले असावेत. फोन मात्र ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मला रडू आवरेना, पण ओ तर द्यायलाच हवी होती.

"हाय, दादा," मी म्हणाले. "दक्षिण हाय."