लेकीच्या घरचे पाणी

उद्या प्रलय आलाच, तर साऱ्या पृथ्वीवर एकच माणूस कोरड्या कपड्यांत, खांद्यावर दोराचे वेटोळे आणि हाती पाण्याचा भरलेला कॅन घेऊन शांतपणे उभा असेल, आणि तो माणूस म्हणजे आमचे साडू असतील, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. मूळचे ते फुलंब्रीकडचे. आता आमच्याच शहरात स्थायिक झाले आहेत. नळाला पाणी आले की गल्लीत सण उभा राहावा अशा या शहरात पाणी सगळेच साठवतात, पण साडूंच्या घरात टाक्याच इतक्या, की पाहुण्याला बसायला जागा शोधावी लागते. एकदा ज्या चौकोनी बैठकीवर बसून मी निवांत चहा घेतला, तिच्यावरून मला उठवून मेहुणीने तिचे झाकण काढले आणि आतून तांब्या भरला. एका लग्नात अक्षता पडत असताना हे गृहस्थ मंडपाच्या खांबाला आपल्या पिशवीतला दोर बांधत होते. कोणी म्हणाले, "काका, मुहूर्त टळतोय." साडू गाठ आवळत म्हणाले, "मुहूर्त दुसरा सापडंल. मंडप पडला तर नवरदेव दुसरा कुठून आणता?"

अशा माणसाची एकुलती एक लेक समुद्राकाठी पडावी, हा दैवाचाच विनोद. जावई इथे शहराजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हा सोयरीक जमली. पुढे त्यांचे वडील गेले आणि ते बायकोला घेऊन कोकणातल्या आपल्या गावी, आईजवळ, नारळी-पोफळीच्या वाडीत परतले. तेव्हापासून साडूंच्या टीव्हीवर हवामानाखेरीज काही लागत नाही. नकाशावर लेकीचे गाव जिथे असावे तिथे ते बोट ठेवून पाहतात. पडद्यावर त्या जागी एक धुरकट ठसा कायमचा उमटला आहे. त्या ठशापासून शेकडो मैल दूर जरी ढगांचे भोवरे फिरू लागले, तरी फोन जातो, "बाई, नारळ उतरून घेतले का? फांद्या छाटल्या का?"

तरीही लेकीच्या घरी गेले म्हणजे ते पाण्याच्या थेंबाला शिवत नसत. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, हा त्यांच्या वडिलांनी पाळलेला नेम. लग्नाला बरीच वर्षे झाली, मूल झाले नाही, आणि नेम मात्र वाढत्या वयाबरोबर अधिक कडक होत गेला. दर खेपेला लेक तांब्या भरून आणायची, साडू त्याला आदराने हात लावायचे, आणि ती तो भरलेलाच आत न्यायची. साडू मग इथून नेलेल्या कॅनमधले पाणी प्यायचे. मी शेजारी बसून त्याच घरचे कोकम सरबत दोन-दोन पेले प्यालो आहे. मला नेम नव्हता, म्हणून तो परत जाणारा तांब्याही मला कधी जड वाटला नाही.

यंदा मोठे वादळ थेट त्या किनाऱ्याकडे निघाल्याची बातमी आली, तेव्हा साडू फोनवर थांबले नाहीत. पहाटे माझ्या दारात हजर. "साडूभाऊ, गाडी काढा." मागची डिकी आणि सीट पाण्याच्या कॅननी भरून गेली. समोरचा शेजारी दात घासत ओरडला, "क्या भाऊ, समंदर को पानी पिलाने चले क्या?" साडू गंभीरपणे म्हणाले, "व्हय. त्याचं खारट हाय."

संध्याकाळी पोहोचलो. उन्हाळ्यातसुद्धा सदैव हसरा असणारा तो किनारा काळवंडला होता. होड्या ओढून वर घेतल्या होत्या, माणसे घरांवर जाळी आणि दोर टाकत होती. साडूंनी तत्काळ सूत्रे हाती घेतली. आमच्याकडे पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात. त्यांनी गोठ्याच्या पत्र्यावर दगडांची रास रचली. विहीणबाई पडवीतून पाहत होत्या. म्हणाल्या, "व्याही, वादळाला आमची डोकी फोडायला दगड कमी पडतील असं वाटलं होय तुम्हाला?" साडूंनी वर पाहिले, खाली पाहिले, आणि निमूटपणे एकेक दगड उतरवला. मग पिशवीतला दोर निघाला, आणि त्यांच्या गाठी पाहून मात्र शेजारची माणसेही त्यांना हाका मारू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते गावभर फिरत होते. "हंडे भरा, कळश्या भरा, बादल्या भरा." लोक हसायचे, "अहो, पाऊसच येतोय की!" साडू म्हणायचे, "पाऊस येईल. नळ येईल का?"

दुपारी वारा सुटला. वर सड्यावरच्या, उंच कातळमाळावरच्या, शाळेत सगळ्यांनी जायचे ठरले होते. जावई म्हाताऱ्या शेजाऱ्यांना रिक्षातून वर पोहोचवत होते. खाली उरलो आम्ही चौघे, कारण विहीणबाई पडवीच्या पायरीवर हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"मी कुठे येत नाही. घर सोडून मी कधी झोपले नाही."

"विहीणबाई, हट्ट करू नका," साडू काकुळतीने म्हणाले. "घर पुन्हा बांधता येतं. मानूस नाय बांधता येत. जिवापुढं कसला आलाय हट्ट?"

"हट्टाचं तुम्ही सांगता मला?" त्या कडाडल्या, मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "व्याही, माझी सून दर वेळी तांब्या घेऊन बाहेर येते, आणि भरलेला आत नेऊन मोरीत ओतते. मी चुलीपाशी बसून तो आवाज ऐकते. या घरचं पाणी प्या. मी उठते."

"आई, राहू द्या ना," लेक म्हणाली.

"पन नेम हाय, विहीणबाई. मूल होईस्तोवर..." साडू बोलू लागले आणि लेकीकडे लक्ष जाताच वाक्य अर्ध्यावरच राहिले. पोफळी कमरेत वाकत होत्या. कुठेतरी कौले सटासट निसटली.

"मूल नाही कसं?" विहीणबाई म्हणाल्या. "ही आहे की माझ्याकडे. दुसरं आलं तर येईल."

लेकीने तांब्या आणला. साडूंनी सवयीने त्याला हात लावला आणि हात तसाच राहू दिला. मग तो उचलून, डोळे मिटून, एका दमात ते सगळे पाणी प्याले. अर्धे सदऱ्यावर सांडले. रिकामा तांब्या पुढे करून म्हणाले, "अजून हाय का, बाई? लई तहान लागलीया." लेकीने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"चला," विहीणबाई उठल्या, "माझी चप्पल कुठं उडाली बघा आधी."

वादळाने अर्धी वाडी आडवी केली, घराची एक बाजू उघडी पाडली; माणसे सगळी वाचली. वीज नव्हती, पंप बंद होते, खालच्या विहिरीत खारे पाणी शिरले होते. शाळेत तेव्हा गाडीतून वर नेलेले आमचे कॅन उघडले गेले, आणि विहीणबाईंनी वाटपाचा ताबा घेतला. प्रत्येकाला बजावत, "मराठवाड्याचं पाणी आहे, चूळ भरायला नाही." साडूंच्या हाती पेला देताना मात्र म्हणाल्या, "हे तुमचंच. आता चालतं ना?"

त्यालाही आता बरेच महिने झाले. लेकीला मूल झालेले नाही. त्याविषयी आता त्या घरात कोणी बोलत नाही. साडू अजूनही मंडपांना दोर बांधतात, पडद्यावरचा ठसा पुसू देत नाहीत. कोकणात जातात ते मात्र रिकाम्या हाताने, आणि परतताना एक कॅन भरून आणतात. खारी झालेली ती विहीर उपसून पुन्हा गोड झाली आहे. तो कॅन टाक्यांच्या त्या साम्राज्यात नसतो; त्यांच्या खाटेच्या उशाला असतो. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी त्यातून मला अर्धा पेला ओतून दिला. मी उभ्यानेच तोंडाला लावणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"साडूभाऊ, बसून प्या," ते हळूच म्हणाले. "लेकीच्या घरचं हाय."