आईच्या करंज्यांवर बोली

"कोंबडी आणली तर चालेल. शिजवलेलं, तळलेलं तुम्ही लोक आणत नका जाऊ."

दादासाहेबांच्या पत्नीनं चर्चच्या फाटकात हे माझ्या आईला सांगितलं. मी सहावीत होते. आईच्या एका हातात कोंबडी, दुसऱ्या हातात करंज्यांचा डबा. डबा तिनं पदराखाली घेतला. पण आत नेला.

कापणीचा सण होता. आमच्या अंजनगावकडच्या चर्चच्या मंडळीत त्या दिवशी जो तो घरचं काहीतरी देवापुढे आणतो. संत्री, तूर, अंडी, कोणी केक. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. माईक दादासाहेबांकडे. ते मोठे पंच. त्यांचे पणजोबा वरच्या जातीतून ख्रिस्ती झाले, हे दर सणाला ऐकावं लागे. आमचे लोक मांगवाड्यातून आले. "आम्ही विश्वासानं आलो, हे दुष्काळात भाकरीसाठी आले," असं ते हसत हसत म्हणत. सभ्य माणसं. आवाज कधी चढला नाही त्यांचा.

आमच्या कोंबडीवर बोली चढत गेली. आईनं टाळ्या वाजवल्या. मग दादासाहेबांनी डबा वर धरला.

"करंज्या. घरच्या. बोला."

आत्ता कोंबडीसाठी वर गेलेले हात मांडीवर पडले होते.

"या घरची कोंबडीच बरी," दादासाहेब म्हणाले. लोक हसले.

परत निघालो तेव्हा करंज्या कुंपणाबाहेर गाईपुढे पडल्या होत्या. डबा बाजूला उलटा. आईनं तो उचलला, नळावर धुतला, पुसला. घरी बाबांनी विचारलं, "कोनं घेतल्या वं?"

"घेतल्या एका बाईनं. तिच्या लेकराईले लय आवडल्या."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर आईनं मंडळीत शिजवलेलं नेलं नाही. मी अमरावतीत शिकले. बी.ए. झाले, आमच्या घरात पहिली. आम्ही ख्रिस्ती, म्हणून अनुसूचित जातीची सवलत नाही. कागद म्हणतो, तुम्हाला जात नाही. अंगण म्हणतं, आहे. आईनं संत्र्याच्या तोडीवर जाऊन मला शिकवलं. हे मी मान वर करून सांगते.

गेल्या कापणीच्या सणाआधी पाळक, आमच्या चर्चचे धर्मगुरू, घरी आले. "बेटा, तुझा आवाज चांगला आहे. लिलाव यंदा तू कर."

ते गेले, तशी आईनं कढई काढली. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "आता माईक माह्या पोरीच्या हातात हाय."

तेव्हा वातावरण बरोबर नव्हतं. जवळच्या एका गावात घरातली प्रार्थना काही पोरांनी 'धर्मांतर चालतं' म्हणत बंद पाडली होती. सणाच्या दिवशी आमच्या फाटकाबाहेर मोटारसायकली येऊन लागल्या. पोरं उतरत नव्हती. बोलत नव्हती. नुसते मोबाइल आमच्याकडे धरून. पाळकांनी गाणी हळू म्हणायला लावली.

संत्री गेली. तूर गेली. डबा माझ्या हातात आला. कोमट होता अजून.

"करंज्या. माझ्या आईच्या हातच्या. बोला."

तेच अंगण. तसेच मांडीवर पडलेले हात. आमच्यातल्या एका काकांनी हात उचलायला घेतला. मी मानेनंच नाही म्हटलं. बाकीच्यांचं न घेणं आमच्याच हातानं झाकायचं नव्हतं मला. मागच्या बाकावर आई पदराचं टोक चावत होती.

"पुढचं घे," दादासाहेब खुर्चीतून म्हणाले.

"नाही घेत."

ते उठून जवळ आले. "बाहेर बघ. शूटिंग चालू आहे. ही वेळ आहे का घरातलं काढायची?"

"काका, मी सहावीत होते तवा बाहेर कोनीच नव्हतं. तवा कावून नाही घेतल्या?"

हे माईकवर गेलं. मग मी थांबले नाही. कोंबडी सांगितली, फाटक सांगितलं, गाय सांगितली. उपासनेत वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर दर वेळी दादासाहेबांच्या घरून येते, आम्ही ती मान खाली घालून खातो. आमच्या घरची कधी आली? मधेच माईक बंद पडला. कोणीतरी वायर ओढली होती. मी तशीच बोलत राहिले.

माझं संपल्यावर दादासाहेब हळूच म्हणाले, "तुझा बाप खोकतो ना गं? चर्चमागची दफनभूमी कमिटीच्या हातात आहे. लक्षात ठेव."

आईनं माझा दंड धरला. आम्ही फाटकाबाहेर आलो. एक पोरगा मोबाइल घेऊन आडवा झाला. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा.

"ताई, लय अन्याय झाला तुमच्यावर. इकडे पाहून बोला. तुमाले आपल्यात परत घेऊ आमी."

मी झाकण काढलं. "घे. माह्या आईच्या हातची हाय."

त्यानं करंजीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. खर्रा दुसऱ्या गालात सरकवला.

"आज उपास हाय माहा."

घरी बाबा खाटेवर उठून बसले. "कोनं घेतल्या?"

आईचं तोंड उघडलं. मी आधी बोलले. "कोनीच नाही, बाबा. आतल्यायनं नाही, बाहेरच्यायनंही नाही."

आता मोटारसायकली दर रविवारी असतात. आमच्या बाकावर कोणी बसत नाही. बाबांचा खोकला वाढला आहे. पाळक म्हणतात, माफी माग, मी कमिटीशी बोलतो.

नाही मागत.

या कापणीला आई करंज्या करेल. मी डबा घेऊन अंगणात उभी राहीन आणि एकेकाला नाव घेऊन विचारीन. बाबांची वेळ आलीच, तर त्यांनाही त्याच फाटकातून नेईन. कुलूप घातलं असेल, तर फाटकासमोर ठेवीन. आतल्यांनी पाहावं. बाहेरच्यांनीही पाहावं. ज्याला शूटिंग करायचं त्यानं करावं. आम्ही तिथून उठणार नाही.