कॉनलचा कप

आमच्या डोनेगॉलच्या या किनाऱ्यावर कुणी वारलं, की प्रेतापाशी जागायला येणाऱ्यांच्या चहासाठी सगळ्या शेजारघरांतल्या कपबशा आणि ताटं त्या घरी जमा होतात. या भांड्याकुंड्यांना आमचा शब्द ‘ग्रेहे’. मास्तर सांगत, उत्तरेच्या दर्यावर्दींनी तो आणला. तेव्हा त्याचा अर्थ नुसतं सामानसुमान, अवजारं असा होता. आणि तो नेहमी अनेकवचनीच. एका कपाला कुणी ग्रेहे म्हणत नाही.

आपली भांडी ओळखू यावीत म्हणून प्रत्येक घर तळाला रंगाचा ठिपका लावतं. आमचा निळा, शेजारच्या शूसीचा लाल.

माझा चुलतभाऊ कॉनल वारला तेव्हा त्याची बायको नाब्ला रडली नाही. त्याला पुरून आल्यावर ती भांडी घासायला बसली. उकळतं पाणी, सोडा, वर वाळू.

“अगं, पुरे आता,” मी म्हटलं.

“चहाचे डाग आहेत.”

सगळं घासून झाल्यावर पाहिलं, तर एकाही तळाला ठिपका उरला नव्हता.

बायका भांडी न्यायला आल्या.

“आता माझं कुठलं नि तुझं कुठलं?” शूसी म्हणाली. “माझ्या बशा कळतील म्हणा. आमच्या म्हाताऱ्याच्या दाताच्या खुणा असतील!”

“त्याला दात आहेत कुठे?” दुसरीने विचारलं.

“म्हणूनच खुणा नाहीत. या माझ्याच!”

हसत हसत जिने तिने अंदाजाने उचललं. त्या ढिगात कॉनलचा कपही होता. कानापाशी तपकिरी तडा गेलेला. दुसऱ्या कपातून तो चहा पीत नसे. शूसीने तो टोपलीत टाकला. नाब्ला बघत होती.

पुढे मी तिला म्हटलं, “मागून घे ना. शूसी लगेच देईल.”

“एक मागितला की सगळ्या आपापलं शोधत येतील. पुन्हा घर भरेल. मला आता घरात माणसं नकोत.”

प्रार्थनेनंतर रविवारी आम्ही शूसीकडे चहाला जातो. एका रविवारी तो कप माझ्यापुढे आला. मी तो हळूच नाब्लाकडे सरकवला. तिने तड्यावरून बोट फिरवलं आणि कप परत माझ्याकडे केला.

“पी,” ती म्हणाली. “निवेल.”

मी प्यालो.