भूक लागलेली माती

पालघरजवळच्या डोंगरपाड्यावर आमची शेतकऱ्यांबरोबर सभा होती. तिथं भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा जाळतात. मी म्हटलं, जाळू नका, पसरा. पावसानं ओढ दिली तरी ओल टिकेल. तेव्हा एका म्हातारीनं कमरेची काडेपेटी काढून माझ्यासमोर खुळखुळवली.

मग मातीत जीव किती आहे ते बघायला आम्ही भाजलेल्या आणि पाला पसरलेल्या अशा दोन्ही जमिनींत सुती फडकी पुरली. दोन महिन्यांनी ती उकरायला म्हातारीच सगळ्यांत पुढं! भाजलेल्यातलं अख्खं निघालं. पाल्याखालच्या फडक्याच्या मात्र किड्यांनी खाऊन चिंध्या केलेल्या. चिंधी नाचवत ती ओरडली, “आजारी मानसाला भूक लागली म्हंजे तो बरा झाला! हिलाबी भूक लागली हाय!”

आम्ही टाळ्या पिटत होतो. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिनं काडेपेटी कमरेला खोचली आणि सगळ्यांना दरडावलं, “ही आता चुलीपुरतीच हाय!”