गौरीची पावलं आणि माझे पाय

कुणाला सांगणार नसाल तर सांगते. सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी एका दुपारपुरती देवी झाले होते. होय, मीच! जिच्या तोंडून चार शब्द निघायची मारामार, ती.

त्याचं झालं असं. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच मला नसांचा आजार झाला. पाय लुळेच पडले. पुढे उभी राहू लागले, पण तळव्यांना काही कळेच ना. खाली लादी आहे की गादी? पाऊल टाकलं की ढगात टाकल्यासारखं वाटे.

"मी तरंगतेय," मी नवऱ्याला म्हणायचे.

"तरंग, पण भिंत धरून तरंग!"

तळवे पुन्हा जागे होतील का, हे डॉक्टरही छातीठोक सांगेनात. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पायांना जमीन कळत नाही ना? मग डोळ्यांनी दाखव. जमिनीवर खुणा कर आणि त्यांच्यावरच पाय ठेव."

साधा खडू पुरला असता. पण माझी अक्कल! सासूबाई बाजारात गेल्या होत्या. त्यांच्या कपाटातला गौरीच्या पावलांचा छाप काढला आणि नवऱ्याला कामाला लावलं. लिफ्टपासून दारापर्यंत रांगोळीची पावलं. पांढऱ्या लादीवर दिसेनात, म्हणून त्याने वर कुंकू भुरभुरवलं आणि तो ऑनलाइन मीटिंगला आत पळाला.

आता माझं ध्यान बघा. नुकतीच न्हालेली, केस मोकळे. साडीत चालायचा सराव हवा म्हणून हिरवी साडी. नजर खाली, पाय लटलटतायत. पॅसेजमध्ये दुपारचं ऊन सांडलेलं आणि मी त्यातून झोपेत चालल्यासारखी, एकेका पावलावर पाऊल ठेवत निघालेली. किती छान वाटत होतं, काय सांगू!

तेवढ्यात लिफ्ट उघडली. शेजारच्या कमळाकाकू! हातातली भाजीची पिशवी खालीच पडली.

"आई माउली! अवेळी कशी आलीस गो?"

बोलले असते, तर लक्ष उडून मी पडले असते. म्हणून गप्प. नुसती डुलत राहिले.

काकू धावत घरात गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. मागून आणखी दोघी.

"गप ऱ्हा गो! सूनबाईच्या अंगात आलंय!" काकूंनी हात जोडले. "आई, माज्या पोराचं लगीन जमंल का नाय?"

नेमका माझा तोल गेला. सावरताना मान हलली.

"हो बोलली!" म्हणत काकूंनी तांब्या माझ्या पायांवर रिकामा केला. फ्रिजचं पाणी!

आणि काय सांगू… कुठून तरी लांबून, स्वप्नातून यावं तसं काहीतरी तळव्यांत आलं.

"गार!" मी किंचाळले. "गार लागतंय! पायांना लागतंय!"

मी रडतेय, हसतेय. तिघींनी लोटांगण घातलं. आवाजाने नवरा बाहेर आला, आणि या माणसाने काय करावं? चपला काढून हात जोडले!

मी खरं सांगायला हवं होतं. पण काकूंच्या मुलाचं लग्न खरंच जमलं. मग कुठल्या तोंडाने सांगू? कितीतरी दिवस काकू मला लिफ्टमध्ये आधी जाऊ द्यायच्या, वर नमस्कारही करायच्या.

आता मी ठणठणीत चालते, डुलत नाही. काल लिफ्टमध्ये एकट्याच उभ्या असलेल्या काकूंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, सुस्कारा सोडला आणि दार ओढून घेतलं.

"लिफ्ट भरली हाय. तू जिन्यानं ये गो!"